दोघांनी एकच खायचं नाही

मी जे खातो त्याला जेवण म्हणायला माझी आई तयार नाही. "ते गिळनं हाये," असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नाही. विमान चालवायला लागून मला अठरा वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी मी गिळण्यातच काढली आहेत.

लग्नकार्यात भेटलेली माणसं मला हमखास विचारतात की विमानात तुम्हाला काय काय खायला मिळतं. विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी चादर घातलेलं टेबल असतं, हे मला दिसतं. मी हसून वेळ मारून नेतो. खरं सांगितलं तर त्यांचा मूड जातो. आमचं विमान पंख्यांचं, सत्तर माणसांचं, लहान गावांना जाणारं. दिवसाला चार फेऱ्या, कधी पाच. एका ठिकाणी उतरलो की पुन्हा उडायला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात एकानं खाली उतरून विमानाभोवती फिरून चाकं, पंखे, पंखांच्या कडा बघायच्या. दुसऱ्यानं इंधनाचा हिशेब, माणसांचं आणि सामानाचं वजन, पुढचं हवामान बघायचं. मध्येच कोणीतरी येऊन सांगतं की एका प्रवाशाची बॅग राहिली. त्या पंचवीस मिनिटांत लघवीला जाऊन आलो तरी काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. जेवण त्यात बसत नाही.

म्हणून आम्ही वर जेवतो. वर म्हणजे मांडीवर. खांद्यावरचे पट्टे सोडायचे, मांडीवर कागदी नॅपकिन पसरायचा आणि कंपनीनं दिलेलं खोकं उघडायचं. त्यात थंडगार पुलाव असतो, नाहीतर तोंडात घोळणारा पनीरचा रोल. दोघांनी एकाच वेळी खायचं नाही. एक खातो तेव्हा विमान दुसऱ्याकडे. तेही मनातल्या मनात नाही, तोंडानं सांगायचं, "विमान तुझ्याकडे." समोरच्यानं म्हणायचं, "माझ्याकडे." ते ऐकल्याशिवाय घास उचलायचा नाही. ही सवय इतकी हाडात गेली आहे की एकदा घरी ताटावर बसलो असताना मी बायकोकडे वरणाचं पातेलं सरकवलं, "तुझ्याकडे" म्हणालो आणि तिचं उत्तर येईपर्यंत पातेल्याचा काठ सोडलाच नाही. ती बघत राहिली. मुलगी हसत सुटली. मला मात्र हसायला यायला थोडा वेळ लागला, कारण त्या दिवशी पहाटे तीनला उठलो होतो.

आठ मिनिटांत जेवण संपवणं ही दुसरी सवय. बायकोची भाजी अर्धी व्हायच्या आत माझा हात धुऊन झालेला असतो. डॉक्टर म्हणतात, सावकाश खा, वेळेवर खा. मी मान हलवतो आणि आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून घेतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. दोन पायलटांनी एकच अन्न खायचं नाही. एकानं पुलाव घेतला तर दुसऱ्यानं रोल घ्यायचा. अन्न बाधलं तर दोघं एकदम आडवे व्हायला नकोत, मागे सत्तर माणसं बसलेली असतात. इतकं साधं कारण आहे. नवीन आलेल्या मुलांना मीच हे शिकवतो. पुन्हा पुन्हा सांगून त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अमरावतीला विमान सुरू झालं आणि त्या मार्गावर माझं नाव लागलं, तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. आईला मी अमरावतीत घर बांधून दिलं, तिथं ती एकटी राहते. मी मुंबईत. वर्षात दोनदा जाणं व्हायचं. आता मी आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा तिच्या गावात उतरणार होतो. ती गच्चीवर जाऊन उभी राहायची. विमान कोणत्या बाजूनं येतं, किती वाजता येतं, ढग असले तर आवाज आधी येतो का, हे सगळं तिनं पंधरा दिवसांत पाठ केलं.

मग गल्लीनं विचारायला सुरुवात केली. शेजारची बाई दारात उभी राहून म्हणाली, "तुमचा पोरगा गावात येते अन् घरी काहून येत नाही व?" आईनं सांगितलं की त्याला वेळ नसतो. तर ती म्हणाली, "जेवाले तं माणूस येतेच." दोन महिन्यांत गल्लीनं ठरवून टाकलं की सासू-सुनेचं फाटलं असणार. माझी बायको बिचारी मुंबईत, तिला पत्ताही नाही.

"आई, पंचवीस मिनिटं," मी फोनवर सांगायचो. "विमानतळ बेलोऱ्याला. घरी यायलाच अर्धा तास लागतो."

"मंग मी येतो नं तिथं," आई म्हणाली. आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल अशा बोलतात. "तू दारापावतर येजो. डबा घेजो अन् जाजो."

मला ते जमण्यासारखं वाटलं नाही, पण जमलं. विमानतळ लहान. विमानापासून चालत येणारी माणसं जिथून बाहेर पडतात तो काचेचा दरवाजा दोन मिनिटांवर. सहकाऱ्यावर विमान सोपवून मी तिथवर जायचो, आईकडून डबा घ्यायचो आणि सगळ्यांसारखा मशीनमधून तो तपासून परत यायचो. मशीनवरचा जवान पहिल्यांदा म्हणाला, "कॅप्टन साब, ये काला काला क्या है?" तो तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा होता. जवानानं वास घेतला आणि डोळे पुसत मला जाऊ दिलं.

आई रिक्षानं यायची. रिक्षावाले चाचा आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. ते बाहेर रिक्षा लावून थांबायचे आणि आई त्यांच्यासाठीही कागदात दोन भाकरी बांधून आणायची. आम्हाला बोलायला चार मिनिटं मिळायची. त्यात ती माझ्याकडे बघून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "झोपला होता काय?" मी होय म्हणायचो. तिला पटायचं नाही.

परतीच्या वाटेवर विमान सरळ झालं की मी डबा उघडायचो. ज्वारीची भाकर, सुकी पातोडी, ठेचा, कांद्याच्या फोडी. पातोडी म्हणजे बेसन शिजवून थापून पाडलेल्या वड्या. एरवी आमच्याकडे त्या झणझणीत रश्श्यात टाकतात. पण एवढ्या बटणांच्या मधोमध रस्सा सांडला तर नोकरी जाईल, असं मी सांगितल्यापासून आई त्या सुक्या करायची. खोबरं आणि कोथिंबीर लावून. मी खरं सांगतो, पहिल्या दिवशी दुसरा घास घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मिरचीचं नव्हतं. कित्येक वर्षांनी मी आकाशात जेवलो होतो.

त्या दिवसांत माझ्यासोबत वेगवेगळे को-पायलट असायचे. त्यांची खोकी त्यांच्याकडे, माझा डबा माझ्याकडे, दोन वेगळी जेवणं आपोआप व्हायची. नियमाची आठवणही यायची नाही.

मग एका महिन्यात एक मुलगी सलग चार-पाचदा माझ्या वाट्याला आली. पुण्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कामाला चोख. आडनाव सांगत नाही, पण आडनावावरून आपल्याकडे जे ओळखतात ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिनंही माझं ओळखलं असणार. यात तिचा काही दोष नाही आणि माझाही नाही. ते न ओळखता राहण्याची सोय आपल्याकडे कोणी ठेवलेली नाही.

एकदा ती माझ्या मागोमाग काचेच्या दारापर्यंत आली, कसल्यातरी कागदावर माझी सही हवी होती. आईनं तिला पाहिलं. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, डोळ्यांखाली काळं. आई माझ्याशी बोलायचं सोडून तिलाच विचारत बसली, "तू काही खाल्लं काय बाई?" ती म्हणाली, "अजून नाही काकू, वेळच नाही मिळाला." झालं. पुढच्या फेरीला डबा दुप्पट जड. "त्या पोट्टीलेबी देजो," आई म्हणाली. "वाळून चालली बिचारी."

त्या दिवशी मुंबईत धावपट्टीवर गर्दी होती, पहिलीच फेरी तासभर उशिरा निघाली आणि तो तास दिवसभर आमच्या मानगुटीवर बसून राहिला. परतीला वर गेल्यावर मी डबा उघडला. वास सगळीकडे पसरला. मी म्हणालो, "घे. आईनं तुझ्यासाठीही दिलंय."

तिनं डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नको सर," ती म्हणाली. "म्हणजे, आपण दोघांनी एकच नको ना. तुम्ही खा, मी रोल खाते."

बरोबर होतं तिचं. नियम मीच तिला सांगितला होता. आईचं अन्न ते अन्नच, त्याला काय वेगळा नियम असतो? मी "हो हो, बरोबर" म्हणालो आणि खायला लागलो. पण लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. त्या "नको"वर मला आधी भलतंच काही ऐकू आलं आणि नियम नंतर आठवला. तेवढ्या क्षणात मी अठरा वर्षं विमान चालवलेला पायलट नव्हतो. मी तिच्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी शोधत होतो. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून बरं वाटलं असंही नाही.

त्या दिवशी मी चार फेऱ्या करून घरी पोचलो तेव्हा बूट काढायचीही ताकद नव्हती. आईचा फोन आला. "पोरीनं खाल्लं काय?"

मी जिन्यात उभा राहूनच म्हणालो, "नाही गं. आमच्यात नियम आहे. दोघांनी एकच खायचं नाही."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, झोप आली असेल.

माझी चूक तिथं झाली. दुसऱ्या कोणी ती केली नसती. दुसऱ्या कोणी थाप मारली असती की हो, खाल्लं, आवडलं, किंवा तिचं पोट बिघडलं होतं असं सांगितलं असतं. मला आमचा नियम इतका अंगवळणी पडला होता की तो ऐकणाऱ्याच्या कानात कसा जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या फेरीला काचेच्या दाराबाहेर कोणी नव्हतं. फोन केला तर म्हणाली, गुडघा दुखतो. त्यापुढच्या फेरीला पाहुणे येणार होते. मग पुन्हा गुडघा. पाच-सहा फेऱ्या मी तशाच पुलावावर काढल्या. विमान अमरावतीच्या बाजूला वळलं की मला घराची दिशा कळते, आमची गच्ची मात्र एवढ्या उंचीवरून ओळखू येत नाही. ती तिथं उभी असेल का, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांची सुट्टी मिळाली तसा मी अमरावती गाठली, प्रवासी म्हणून, मागच्या सीटवर बसून. आई नेहमीसारखीच होती. स्वयंपाक केला, वाढलं, समोर बसली. मी आठ मिनिटांत जेवलो. मग विचारलं, "डबा काहून बंद केला?"

"पाय दुखतेत म्हटलं नं."

"चाचा म्हणाले, परवा तू चालत बाजारात गेली होती."

ती माझं ताट उचलायला वाकली, तशीच थांबली. "तुह्या त्या नियमाचं मले नको सांगू बाबू," ती म्हणाली. "नियम मी तुह्या आधीपासून पाह्यले."

इथं मला थोडं मागे जावं लागेल. माझे वडील लवकर गेले. आई पातूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत खिचडी शिजवायची आणि मी त्याच शाळेत होतो. आमचं घर बौद्ध. गावातल्या काही घरांनी मुलांना बजावलेलं होतं की शाळेतली खिचडी खायची नाही. ती मुलं घरून डबे आणायची आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची. कुणी विचारलं तर गुरुजी सांगायचे, "त्यांच्या घरचा तसा नियम आहे." कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळं फार सभ्यपणे चालायचं. आई मात्र रोज पूर्ण पटाची खिचडी शिजवायची आणि रोज सगळ्यांसमोरून पळी घेऊन फिरायची. आमच्यासमोर यायची तेव्हा पळी उचलून विचारायची, "अजून?" आम्ही ताटल्या पुढे करायचो. दुसऱ्या टोकालाही ती तशीच जायची, पळी उचलायची, विचारायची. तिकडून कधी कुणी अजून मागितलं नाही. मागायला आधी घ्यायला तर हवं. ती परत यायची आणि उरलेलं आमच्या ताटल्यांत जायचं. मला तेव्हा वाटायचं, आपली मजा आहे.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी तिला फोनवर "नियम" हा शब्द ऐकवला होता.

मी समजावायला बसलो. "आई, हा तसला नियम नाही. अन्न खराब निघालं तर दोघंही आजारी पडतील, विमान कोण चालवेल? म्हणून."

"माह्या हातचं खराब असते काय?"

"तसं नाही गं. कुणाच्याही हातचं."

"म्हंजे माह्या डब्यानं सत्तर लोकं मरतीन म्हनते तू." तिनं ताट तसंच खाली ठेवलं. "लहानपणापासून तुले कोनाच्या हातचं खाऊ घातलं मी?"

मी चिडलो. थकवा माझ्या आवाजात फार लवकर येतो. मी म्हणालो की ती मुलगी तसली नाही, तुला उगाच नाही तिथं तेच दिसतं, काळ बदलला, आता कोणी असं पाहत नाही. आई ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुले कसं मालूम?"

मला मालूम नव्हतं. त्या दिवशी वर, त्या "नको सर"वर, मलाही तेच ऐकू आलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी उठून हात धुतला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती मुलगी पुन्हा माझ्या फेरीवर आली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन केला. "उद्या डबा आण," म्हणालो. तिनं पुन्हा गुडघ्याचं कारण काढलं. मी म्हणालो, "एकट्यापुरता आण. पातोड्या कर. मला भूक लागते आई." हे शेवटचं मी डाव म्हणून बोललो नव्हतो. तोंडातून निघून गेलं. ती "पाहतो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काचेपलीकडे उभी होती. एकच डबा, फडक्यात बांधलेला. मुलीबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. "गरम हाये," एवढंच म्हणाली. त्या दिवशी चार मिनिटंही नव्हती, दोनच होती.

वर गेल्यावर विमान सरळ झालं. मी डबा मांडीवर घेतला, गाठ सोडली आणि तो डावीकडून उजवीकडे तिच्या मांडीवर ठेवला. "हा तुझा," म्हणालो. "पुलाव मी खातो. तू आधी खा, विमान माझ्याकडे."

ती गोंधळली. "सर, पण काकूंनी तुमच्यासाठी दिलाय ना?"

"दोघांनी एकच खायचं नाही, एवढाच नियम आहे. कोणी काय खायचं ते त्यात नाही."

"खरंच?" तिनं विचारलं, पण तोवर तिनं झाकण काढलं होतं. "तुमच्याकडे," ती म्हणाली.

मी समोर बघत राहिलो. माझ्या उजव्या कानाला सगळं ऐकू येत होतं. भाकर मोडल्याचा आवाज, मग थोडी शांतता, मग "बाप रे सर, हा ठेचा!" मग पाण्याची बाटली. मग पुन्हा भाकर. भूक मलाही लागली होती. पहाटेपासून माझ्या पोटात दोन बिस्किटं आणि कॉफी. एक पातोडी, फक्त एक, मागावी असं वाटत होतं आणि मागता येत नव्हती, कारण नियम आत्ताच मी स्वतः सांगितला होता. मला तिचा थोडा रागही आला. इतकं कोणी खातं का? चार भाकरी होत्या. आईला एकट्यापुरतं करता येतच नाही. मला वाटलं, दोन तरी राहतील, निदान घरी नेऊन खाईन.

अकोला मागे पडून बराच वेळ झाला तरी तिचं चालूच होतं. मग तिनं हात पुसले, पट्टे लावले आणि विमान घेतलं. मी डब्यात डोकावलो. कांद्याचा एक तुकडाही नव्हता. डब्याच्या कडेला ठेच्याचा काळपट हिरवा ओघळ होता, तोही बोटानं पुसल्यासारखा. मी माझं खोकं उघडलं. पुलाव थंड होता.

"सर," थोड्या वेळानं ती म्हणाली, "काकूंना सांगाल? पुढच्या वेळी ठेचा अजून द्या म्हणावं. पुरलाच नाही."

मी घास तसाच तोंडात धरून बसलो. तिला मी काही सांगितलं नव्हतं. शाळा नाही, खिचडी नाही, पळी नाही. आजही तिला माहीत नाही.

उरलेल्या दोन फेऱ्या संपल्या, दिवस मावळला. घरी पोचल्यावर बूट न काढता मी आईला फोन केला.

"जेवला काय?" तिनं विचारलं.

"डबा तिनं खाल्ला," मी म्हणालो. "मी पुलाव खाल्ला."

"तुह्यासाठी केलतं रे मी."

"माहीत आहे."

"सारा खाल्ला?"

"सारा."

"ठेचाबी?"

"ठेचाही. अजून दे म्हणाली. पुरला नाही म्हणे."

आईनं विचारलं, "काय म्हणाली?"

"ठेचा अजून पाहिजे म्हणाली."

"तिनं मागतला?"

"हो. तिनं."

"सोताहून?"

"स्वतःहून, आई."

माझी आई रडत नाही. वडील गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नाही. त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त तिनं मला तेच वाक्य आणखी एकदा म्हणायला लावलं, आणि मी म्हटलं. मग घाईघाईनं, काळजीच्या आवाजात विचारलं, "पोट नाही नं दुखलं तिचं?"

"नाही."

"उद्या विचारजो. मिरच्या तिखट होत्या." आणि फोन ठेवला.

पुढच्या फेरीला काचेच्या दाराबाहेर दोन डबे होते. एक निळ्या फडक्यात, एक पांढऱ्या. चाचा मागे उभे राहून गालातल्या गालात हसत होते, कारण तिनं त्यांना वाटभर समजावून सांगितलं होतं की विमानात दोघांना एकच चालत नाही, फार जबाबदारीचं काम असतं. माझ्या हातात डबे देताना तिनं मलाही बजावलं, "निळ्यातला त्या पोरीचा. पातोड्या हायेत, अन् ठेचा लय घातला. पांढऱ्यातला तुहा. अदलाबदल करजो नको. नियम हाये नं?"

"आहे," मी म्हणालो. "माझ्यात काय आहे?"

"वांगं."

मला वांगं आवडत नाही, हे तिला मी लहान असल्यापासून माहीत आहे. मी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष माझ्यावर नव्हतं. माझ्या खांद्यावरून ती लांब विमानाकडे पाहत होती, जिथं ती मुलगी वाकून चाकं तपासत होती. आईचा उजवा हात थोडा वर उचललेला होता, पळी धरल्यासारखा.

"सांगजो तिले," ती म्हणाली, "अजून हाये म्हणा."